फायरवॉल आणली, पण आतल्या भिंती कुठे आहेत?

शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे दिवस आले की शाळेच्या ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर कितीतरी घरांची कागदपत्रे गोळा होतात. आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक, आईवडिलांचा मोबाइल नंबर, मुलीचा फोटो. पालक हे सगळे शाळेवर भरवसा ठेवून देतात. ती आपल्याकडे ठेवलेली अमानतच असते. त्याच इमारतीत कॉम्प्युटर लॅब असते आणि तिथे मुले घरून पेनड्राइव्ह घेऊन येतात. स्टाफरूममध्ये वायफाय असते. पालकसभेला आलेल्या कुणी पासवर्ड मागितला तर तोही दिला जातो. आणि आमच्या पाहण्यातल्या बऱ्याच शाळांत हे सारे एकाच स्विचला जोडलेले असते.

मग कुणीतरी सुचवतो, फायरवॉल बसवा. देणगी जमते, पेटी येते. एका बाजूला इंटरनेटची वायर, दुसऱ्या बाजूला स्विचची वायर, हिरवे दिवे लुकलुकायला लागतात आणि सगळे म्हणतात, चला, झालं काम. पण काम तर तिथून पुढे सुरू होतं. बाहेरून येणाऱ्याला फाटकावर अडवणारा माणूस मिळाला एवढेच. लॅबमधला कॉम्प्युटर ऑफिसच्या कॉम्प्युटरशी बोलतो तेव्हा ते बोलणे फायरवॉलकडे जातच नाही, स्विचवरून परस्पर होते. जे तिच्यासमोरून जात नाही ते ती अडवणार कशी?

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला, तेव्हा ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांचेही काम कोलमडले. विंडोजमध्ये फाइली एकमेकांना देण्याघेण्याची जी सोय आहे तिच्यातल्या दोषाचा तो फायदा घेत होता. एका मशीनमध्ये घुसला की आजूबाजूची मशीन शोधून आपोआप त्यांच्यात शिरायचा. मायक्रोसॉफ्टने त्या दोषावरचा इलाज मार्चमध्येच दिला होता, पण अनेकांनी तो बसवला नव्हता. आपल्या लॅबमधल्या मशीनवर सगळे अपडेट वेळच्या वेळी बसतात असे किती शाळा छातीवर हात ठेवून सांगतील?

म्हणून आज आम्ही फायरवॉलच्या इंटरफेसविषयी लिहितो आहोत. विषय जरा तांत्रिक आहे, पण शाळेतल्या कॉम्प्युटर शिक्षकाला आणि बारावीतल्या हुशार मुलामुलीला सहज जमेल इतपतच.

इंटरफेस म्हणजे काय?

फायरवॉलच्या मागे वायर खोचायच्या ज्या जागा असतात, त्यातली प्रत्येक जागा आणि तिला दिलेला आयपी पत्ता मिळून एक इंटरफेस होतो. कोकणातल्या जुन्या घरात पडवी, ओटी आणि माजघर वेगळे असते. पडवीत बसलेला माणूस विचारल्याशिवाय माजघरात येत नाही. इथेही तसेच. प्रत्येक इंटरफेस म्हणजे एक खोली, आणि एका खोलीतून दुसरीत जायचे तर फायरवॉलच्या दारातूनच जावे लागते. दार आले की अडवता येते.

आता पत्ता. १९२.१६८.१०.२५ असे चार आकडे टिंबांनी जोडलेले असतात. (आम्ही इथे आकडे मराठीत लिहिले आहेत, मशीनवर टाकताना इंग्रजी आकडेच टाकायचे.) आमची उर्दू माध्यमाची मुले वहीत हा पत्ता लिहिताना कधी कधी उजवीकडून सुरू करतात. मग त्यांना सांगावे लागते की बेटा, इबारत उजवीकडून, पण आकडा उर्दूतही डावीकडूनच वाचतात. पत्त्याच्या शेवटी ‘/२४’ लिहिले असेल तर पहिले तीन आकडे मोहल्ल्याचे नाव आणि शेवटचा आकडा घर नंबर. अशा मोहल्ल्यात २५६ नंबर होतात. पहिला मोहल्ल्याच्या नावाचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायचा, म्हणून वापरायला उरतात २५४. त्यातला एक फायरवॉलच्या इंटरफेसला द्यायचा. तोच त्या मोहल्ल्यातल्या सगळ्या मशीनसाठी गेटवे, म्हणजे बाहेर पडायचा रस्ता.

घरात, शाळेत, ऑफिसात वापरायला जे खासगी पत्ते राखून ठेवले आहेत त्यांचे तीनच गट आहेत आणि ते १९९६ पासून ठरलेले आहेत. १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. आतल्या खोल्यांसाठी पत्ते यांच्यातूनच घ्यायचे, मनाने कुठलेही नाही.

वायर लावण्याआधी कागद

आम्ही उदाहरणासाठी पीएफसेन्स घेतो. ही फायरवॉल २००४ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातून आली, फ्रीबीएसडीवर चालते आणि तिची कम्युनिटी आवृत्ती फुकट मिळते. जुन्या ६४ बिटच्या डेस्कटॉपमध्ये दोन-तीन नेटवर्क कार्डे टाकली की काम भागते. इंटेलची कार्डे बरी, स्वस्तातली कधी कधी त्रास देतात. तुमच्याकडे फोर्टिगेट, सोफोस किंवा सिस्कोची पेटी असेल तर पडदे वेगळे दिसतील, विचार तोच. सिस्कोच्या एएसएमध्ये तर प्रत्येक इंटरफेसला ० ते १०० असा भरवशाचा आकडाच द्यावा लागतो. बाहेरचा ०, आतला १००, आणि वेगळा नियम लिहिला नसेल तर जास्त आकड्याकडून कमीकडे जाता येते, उलट नाही.

आधी कागद घ्या. त्यावर लिहा: ऑफिस १९२.१६८.१०.१/२४, लॅब १९२.१६८.२०.१/२४, पाहुण्यांचे वायफाय १९२.१६८.३०.१/२४. हे तिन्ही फायरवॉलच्या आतल्या इंटरफेसचे पत्ते. तिसरा आकडा १०, २०, ३० असा ठेवला की वर्षभराने बघणाऱ्यालाही लगेच कळते. सीसीटीव्हीचा डीव्हीआर असेल तर त्यालाही ४० ची वेगळी खोली द्या. कॅमेऱ्याला ना ऑफिसच्या फाइली लागतात, ना लॅबच्या.

चौथा इंटरफेस बाहेरचा, ज्याला वॅन म्हणतात. इथे इंटरनेट कंपनीच्या राउटरची वायर येते. आणि शाळांमध्ये गाडी सगळ्यात जास्त इथेच अडते, म्हणून जरा थांबू या.

पीएफसेन्स नवीन बसवली की तिचा आतला पत्ता आपोआप १९२.१६८.१.१ असतो. इंटरनेट कंपनीने भिंतीवर लावलेल्या राउटरचा पत्ताही बऱ्याचदा १९२.१६८.१.१ च असतो. म्हणजे फायरवॉलच्या बाहेर जो मोहल्ला, आतही त्याच नावाचा मोहल्ला. फायरवॉलला कळत नाही की १९२.१६८.१.५० कडे जायचे तर कुठल्या दाराने. इंटरनेट बंद, आणि मग सगळे कंपनीला फोन करत बसतात. कंपनीचा माणूस येतो, त्याचा लॅपटॉप थेट राउटरला लावतो, इंटरनेट मस्त चालते, आणि तो म्हणतो, आमच्याकडून सगळे ठीक आहे. त्याचेही बरोबरच असते. इलाज एका ओळीचा: कुठल्याही दोन इंटरफेसचे मोहल्ले एक असता कामा नयेत. आम्ही वर १०, २०, ३० घेतले ते यासाठीही.

वॅनला कंपनीच्या राउटरकडून आपोआप पत्ता घेऊ द्यायचा असेल तर डीएचसीपी निवडा. कंपनीने कायमचा पत्ता लिहून दिला असेल तर तो पत्ता, त्याचा मास्क आणि गेटवे तिन्ही हाताने भरा. वॅनवर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर घाबरू नका, पुढे अजून एक राउटर आहे एवढाच त्याचा अर्थ. १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यानचा दिसला तर कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटते आहे. शाळेच्या रोजच्या वापराला दोन्ही चालतात. फक्त बाहेरून शाळेतला कॅमेरा बघायचा असेल तर अडचण येते.

कोणती वायर कुठे?

पेटीच्या मागे तीन-चार सारखीच छिद्रे दिसतात आणि पडद्यावर ‘ईएम०’, ‘ईएम१’, ‘आरई०’ अशी नावे. यातले कोणते कुठले? अंदाजाने लावू नका. सगळ्या वायरी काढा, पडद्यावरच्या मेनूत पहिला पर्याय घ्या, म्हणजे इंटरफेस नेमून देण्याचा. आधी तो व्हीलॅनबद्दल विचारेल, त्याला नाही म्हणा. मग वॅनचे नाव विचारेल तेव्हा ‘ए’ दाबून एकच वायर लावा. जिथे जीव आला ते कार्ड तो स्वतः ओळखतो. यासाठी वायरचे दुसरे टोक चालू स्विचला किंवा राउटरला असायला हवे, नाहीतर कितीही वेळ बसा. ओळख पटली की लगेच छिद्राशेजारी पट्टी चिकटवा आणि पेनने लिहा. हे पाच मिनिटांचे काम पुढे पाच तास वाचवते.

दुसरा पर्याय पत्ता देण्याचा. आधी लॅन घ्या, हेच आपले ऑफिस. डीएचसीपीने पत्ता घ्यायचा का? नाही. पत्ता: १९२.१६८.१०.१. मास्कसाठी २४. मग तो विचारतो, गेटवे कोणता? इथे हात आपोआप काहीतरी टाकायला जातो. टाकू नका, नुसते एंटर दाबा. आतल्या इंटरफेसला गेटवे दिला की पीएफसेन्स त्याला बाहेरचा इंटरफेस समजते आणि पुढे असे घोळ होतात की मूळ सापडत नाही. गेटवे फक्त वॅनला.

आयपीव्ही६ चा पत्ता सध्या रिकामा सोडा. डीएचसीपी सर्व्हर चालू करू का, याला हो, आणि पत्ते १०० ते १९९ पर्यंत वाटायला सांगा. म्हणजे १०० च्या खालचे पत्ते प्रिंटर वगैरेंना कायमचे द्यायला मोकळे राहतात. शेवटी तो वेबपान साध्या एचटीटीपीवर आणू का विचारतो. नको म्हणा.

आता ऑफिसच्या मशीनवरून ब्राउजरमध्ये नवा पत्ता उघडा. मशीनने जुना पत्ता धरून ठेवला असेल तर वायर एकदा काढून लावा. पान उघडले की पहिले काम पासवर्ड बदलायचे. मूळचा पासवर्ड जगजाहीर आहे, तसाच ठेवलेली फायरवॉल म्हणजे चावी दारालाच लटकलेली.

लॅबचा इंटरफेस या वेबपानावरून जोडायचा. इंटरफेसच्या मेनूत नेमणुकीच्या पानावर उरलेले कार्ड दिसते, ते जोडले की त्याला ‘ऑप्ट१’ असे नाव मिळते. ते उघडा, चालू करण्याच्या चौकटीत खूण करा, नाव बदलून ‘लॅब’ ठेवा, पत्ता स्थिर निवडा आणि १९२.१६८.२०.१ भरा. त्याच्या शेजारी मास्कची यादी असते आणि तिच्यात अनेकदा ३२ आधीच निवडलेला असतो. ३२ म्हणजे मोहल्ल्यात एकच घर, ते फायरवॉलचे स्वतःचे! तसेच सेव्ह केले तर लॅबमधले एकही मशीन चालणार नाही, आणि पत्ता तर बरोबर दिसतोय म्हणून तुम्ही वायरी तपासत बसाल. २४ करा. सेव्ह करा. मग वर येणारे ‘लागू करा’चे बटणही दाबा, त्याशिवाय बदल अमलात येत नाही. लॅबसाठी डीएचसीपी वेगळा चालू करा. पाहुण्यांच्या खोलीला हेच सगळे पुन्हा.

पत्ता दिला, तरी इंटरनेट का नाही?

कारण पीएफसेन्समध्ये नव्या इंटरफेसवर एकही नियम नसतो, आणि नियम नाही म्हणजे परवानगी नाही. फक्त पहिल्या लॅनला सुरुवातीपासून सगळे खुले असते. इथे वैतागून बरेच जण लॅबवर ‘सगळ्यांना सगळीकडे परवानगी’ असा एक नियम टाकतात. इंटरनेट चालू होते, सगळे खूश. पण त्या ‘सगळीकडे’मध्ये ऑफिसही येते. भिंत बांधली आणि तिला तेवढेच मोठे भगदाड पाडले.

नियम वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला लागू पडतो तोच चालतो. ते ज्या इंटरफेसमधून वाहतूक आत शिरते तिथे लिहायचे. लॅबच्या पानावर सर्वात वर: लॅबमधून फायरवॉलच्या लॅबच्या पत्त्याला ५३ क्रमांकाच्या पोर्टवर परवानगी. साइटच्या नावाचा आयपी पत्ता विचारायला हे लागते, याच्याशिवाय काहीच उघडणार नाही. त्याखाली: फायरवॉलकडे बाकी कशासाठीही जायला मनाई, म्हणजे मुले तिचे लॉगिनचे पान उघडू शकणार नाहीत. त्याखाली: वर सांगितलेल्या तिन्ही खासगी गटांकडे मनाई. यासाठी तिन्ही गटांची एक यादी आधी बनवून ठेवता येते. या एका नियमात ऑफिस, पाहुणे, कॅमेरे आणि बाहेरच्या राउटरचे पानसुद्धा बंद होते. इंटरनेट बंद होत नाही, कारण तिकडे जाणाऱ्या वाहतुकीचे ठिकाण हे खासगी पत्ते नसतात, ती राउटरमधून फक्त पुढे जाते. आणि सर्वात खाली: लॅबमधून बाकी सगळीकडे परवानगी.

मनाईचा नियम लिहिताना तो फक्त आयपीव्ही४ साठी आणि शेवटची परवानगी मात्र दोन्हींसाठी, असे करू नका. उद्या कुणी शाळेत आयपीव्ही६ चालू केले तर त्या बाजूने दार उघडेच राहील.

ऑफिसमधून लॅबकडे जाता येईल का? येईल, लॅनला सगळे खुले आहे. आणि लॅबमधून येणारा जबाबही परत येईल, कारण फायरवॉल सुरू झालेले बोलणे लक्षात ठेवते. लॅबने स्वतःहून हाक मारली तरच अडते. स्टाफरूम वेगळ्या खोलीत असेल आणि प्रिंटर ऑफिसात, तर स्टाफरूमच्या पानावर मनाईच्या वर एक नियम लिहा: फक्त त्या प्रिंटरच्या पत्त्याला, फक्त ९१०० पोर्टवर परवानगी. एवढ्यासाठी सगळे दार उघडायची गरज नाही.

सगळे झाल्यावर लॅबच्या मशीनवर बसून तपासा. ‘आयपीकॉन्फिग’ लिहिले की पत्ता दिसतो. १९२.१६८.२० ने सुरू झाला तर ठीक. १६९.२५४ ने सुरू झाला तर डीएचसीपीकडून काही मिळालेच नाही, मागे जाऊन मास्क आणि डीएचसीपी बघा. मग ब्राउजरमध्ये एखादी साइट उघडा, ती उघडली पाहिजे. मग ऑफिसच्या मशीनला पिंग करा, आणि इथे जबाब न येणे हेच यश. मात्र विंडोज स्वतःही पिंग नाकारते, म्हणून ऑफिसच्या प्रिंटरलाही पिंग करून बघा. नियम बदलल्यावरही जुनी जोडणी चालूच दिसली तर गोंधळू नका. आधी सुरू झालेली बोलणी फायरवॉल मध्येच तोडत नाही. तिच्या तपासणीच्या मेनूतून ती पुसून टाका आणि पुन्हा बघा.

कार्डे कमी असतील तर व्हीलॅनने एकाच वायरवरून अनेक खोल्या नेता येतात, पण त्यासाठी व्हीलॅन समजणारा स्विच लागतो. कोपऱ्यावरच्या दुकानातला साधा पाच पोर्टचा स्विच ते करत नाही. पहिल्यांदा करत असाल तर आमचे मत असे की एक जादा कार्ड घ्या आणि डोक्याचा ताप वाचवा.

आणि एक गैरसमज. पालक विचारतात, सर, आता मुले वाईट साइट बघू शकणार नाहीत ना? इंटरफेस वेगळे केल्याने ते थांबत नाही. त्यासाठी साइटची नावे गाळणारी डीएनएस सेवा लागते. पण लॅब वेगळी असल्यामुळे ती गाळणी फक्त लॅबला लावता येते, ऑफिसच्या कामात अडथळा येत नाही.

घरी फायरवॉलची पेटी नसते, पण आजच्या बऱ्याच वायफाय राउटरमध्ये पाहुण्यांचे नेटवर्क नावाची सोय असते. ती हीच कल्पना. अब्बूंचा दुकानाच्या हिशेबाचा लॅपटॉप मुख्य नेटवर्कवर, आणि टीव्ही, पाहुण्यांचे मोबाइल दुसऱ्यावर. आतल्या उपकरणांशी बोलायची परवानगी बंद आहे ना, ती खूण तेवढी त्या पानावर बघून घ्या.

शाळेतले काम संपले की बॅकअपच्या पानावरून सगळ्या मांडणीची फाइल उतरवून घ्या. मशीन बिघडले तर ही एक फाइल नव्या मशीनवर चढवली की सगळे इंटरफेस आणि नियम परत येतात. कार्डांची नावे वेगळी असतील तर तेवढी नेमणूक पुन्हा करावी लागते. तिची एक प्रत आणि पत्त्यांचा तो कागद मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा, कारण कॉम्प्युटर शिक्षकाची बदली झाली की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. त्या फाइलमध्ये पासवर्डची आणि जोडणीची माहिती असते, तेव्हा तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरायचा नाही, लॅबमध्ये तर नाहीच.